काम काढून महालात

नागपूर बघायला पाहुणा आला की त्याला कुठं न्यायचं, हे इथल्या माणसाला विचारावं लागत नाही. दीक्षाभूमी, टेकडीचा गणपती, अजब बंगला, झिरो माइल, संध्याकाळी फुटाळा. पाहुणा दोन दिवस राहणार असेल तर रामटेक. या यादीत महालाचं नाव क्वचित येतं. गोंड राजांचा किल्ला इथं, भोसल्यांची राजधानी इथं, शहराची कोतवाली इथं, तरी महाल दाखवायला म्हणून कोणी कोणाला नेत नाही. महालात माणूस काम काढून जातो. लग्नपत्रिका छापायच्या असतात, चष्म्याची काडी बसवायची असते, पूजेचं साहित्य घ्यायचं असतं, कुठल्यातरी दाखल्यावर कुठलातरी शिक्का हवा असतो. काम होतं किंवा उद्यावर जातं, परतताना बडकस चौकात अर्धा कप चहा होतो आणि तेवढ्यात तीनशे वर्षांचं शहर डोळ्यांखालून गेलेलं असतं.

परदेशात शिकणाऱ्या आपल्या मुलांबद्दल दिवाळी अंकांतून पुष्कळ छापून येतं. पहिली थंडी, पहिला डबा, बस चुकली, वरण बिघडलं. त्याच काळात उलट्या दिशेनंही मुलं येत असतात. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद १९५० साली मौलाना आझादांच्या पुढाकारानं उभी राहिली. तिच्या शिष्यवृत्त्यांवर आफ्रिका आणि आशियातले विद्यार्थी भारतातल्या विद्यापीठांत शिकून जातात. काही स्वतःच्या पैशानं येतात. १९२३ साली सुरू झालेलं नागपूर विद्यापीठ त्यांना ठाऊक असतं. महाल ठाऊक असायचं कारण नसतं.

टांझानियाहून एमएस्सीला आलेली एक मुलगी मात्र २०२५च्या जुलैपासून महालातच राहते. नाव छापू नका, असं तिनं आधीच सांगितलं. गाव दार-ए-सलाम. वर्गातल्या मैत्रिणीची मावशी महालात, कोतवालीच्या मागच्या अंगाला एका जुन्या वाड्यात राहते. माडीवरची खोली रिकामी होती, ती हिला मिळाली. मैत्रीण मावशी म्हणते, ही काकू म्हणते. पोळ्याच्या आदल्या बुधवारी तिच्या प्रयोगशाळेला सुट्टी होती. तुंबलेली सगळी कामं त्या दिवशी उरकायची आणि जमलं तर महाल बघायचा, असा बेत होता. मी सोबत गेलो.

मेलेल्या सासऱ्यांचं बिल

तिच्या फोनवर यादी होती. नवीन पत्त्याची पोलिसांकडे नोंद, बँकेत पत्ता बदल, कुकरची शिटी, छत्रीची काडी, घरून आणलेल्या कापडाचा ड्रेस. आणि शेवटी, इंग्रजीत, ‘राजवाडा’.

पहिलं काम सर्वांत अवघड. एकशे ऐंशी दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला भारतात उतरल्यापासून चौदा दिवसांत परदेशी नागरिक म्हणून नोंदणी करावी लागते. २०१८पासून हे काम ऑनलाइन झालं. पत्ता बदलला की तोही कळवायचा. ज्याच्या घरी परदेशी माणूस उतरला त्या घरमालकानं चोवीस तासांत ‘सी फॉर्म’ भरायचा आणि विद्यार्थी आपल्याकडे शिकतो आहे हे संस्थेनं ‘एस फॉर्म’मध्ये सांगायचं. हे ऑगस्टातलं झालं. पुढच्याच महिन्यात, १ सप्टेंबर २०२५पासून परदेशी नागरिकांबद्दलचा नवा कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० सालचे चार कायदे त्यानं मोडीत काढले. कायदा कुठलाही असो, पत्त्याचा पुरावा हवाच.

सी फॉर्म मैत्रिणीनं पहिल्याच रात्री भरून टाकला होता. अडलं ते पुराव्याशी. काकूंनी विजेचं बिल काढून दिलं. त्यावर नाव त्यांच्या सासऱ्यांचं.

“अवो, ते जाऊन लई वर्षं झाली,” काकू म्हणाल्या. “बिल आम्हीच भरतो, नाव त्यांचंच येऊन राह्यलं. लाइट तर कोणी तोडत नाही न?”

मग जागेची आखीव पत्रिका निघाली. तिच्यावर सासरे आणि त्यांचे दोन भाऊ. एकाची मुलं पुण्यात, एकाचा मुलगा भिलाईला. वाटणी तोंडी झालेली, फेरफार कोणी केलेला नाही, हक्कसोडपत्राचा विषय निघाला की दिवाळीला कोणीतरी येत नाही. महालातल्या निम्म्या वाड्यांची कथा हीच आहे. माणसं नांदतात, कागद मागं राहतो.

वारस आणि कागद यांचं या भागात तसं जुनंच वाकडं आहे. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघुजी भोसले वारले. त्यांना मुलगा नव्हता आणि हयातीत दत्तकविधान झालेलं नव्हतं. मागून राण्यांनी यशवंतरावांना मांडीवर घेतलं, पण डलहौसीनं तो दत्तक मानला नाही. १८५४ साली राज्य खालसा झालं. पागेतले हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात निघाले, जवाहीर कलकत्त्याला गेलं. राजघराण्यातल्या म्हाताऱ्या बांकाबाईंनी केलेला विरोध कंपनी सरकारनं मोजला नाही. सत्तावन्नचा उठाव होऊन गेल्यावर त्याच दत्तकाला सरकारनं ‘देऊरचे राजेबहादूर’ म्हणून मान्यता दिली. देऊर हे सातारा जिल्ह्यातलं गाव. राज्य गेलं आणि पदवीला गाव उरलं.

ही हकिकत मी तिला जिन्यात सांगितली. तिनं विचारलं, “मग आता माझं काय?” बरोबर प्रश्न होता.

काकूंनी तोड काढली. घरटॅक्सची पावती त्यांच्या नावानं होती, कारण महापालिकेत त्या स्वतः जाऊन भांडून आल्या होत्या. भाडेकरार त्यांच्याच नावानं केला, बिल जोडीला लावलं आणि बिलातला माणूस आपला कोण हे एका साध्या कागदावर लिहून खाली सही ठोकली. “डलहौसीच्या टायमाला मी पायजे होती,” असं त्या म्हणाल्या नाहीत, पण चेहरा तसा होता.

झेरॉक्सवाला

महालात झेरॉक्सचं दुकान म्हणजे निम्मं तहसील. काकूंच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दुकानात एक पंचविशीतला मुलगा बसतो. जात पडताळणी, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, सीईटीचा अर्ज, आधारची दुरुस्ती, म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला, असं सगळं त्याच्या हाताखालून जातं. परदेशी नागरिकाचा अर्ज त्यानं पूर्वी भरलेला नव्हता. त्यानं एकदा वरपासून खालपर्यंत पान बघितलं आणि म्हणाला, “होऊन जाईल. बसा ताई.”

त्याचं काम बघण्यासारखं होतं. भाडेकरार स्कॅन केला तर फाइल मोठी झाली. त्यानं पानं वेगळी केली, काळी-पांढरी केली, पुन्हा जोडली. फोटोच्या मागं निळा पडदा होता, तो कातरून पांढरा केला आणि कानाजवळचे केस कापले गेले म्हणून पुन्हा पहिल्यापासून केला. नावाच्या रकान्याशी तो थबकेल असं मला वाटलं होतं, तो थबकला नाही. टांझानियात बहुतेकांचं नाव तीन भागांचं असतं. स्वतःचं, बापाचं, आज्याचं. आपल्या अर्जांवर मधला रकाना वडिलांचाच असतो. बाहेर शिकायला गेलेल्या मराठी मुलाला तिथल्या अर्जातलं ‘मधलं नाव’ कायम छळतं. इथं टांझानियाचं नाव महाराष्ट्राच्या सवयीच्या हातानं बिनचूक बसलं.

पुढचा रकाना जवळच्या पोलीस ठाण्याचा. त्यानं मान वर न करता टाइप केलं: कोतवाली.

बँकेतलं काम त्यामानानं सरळ. परदेशी विद्यार्थ्याला पासपोर्ट, व्हिसा आणि प्रवेशाचं पत्र दाखवून एनआरओ खातं उघडता येतं. स्थानिक पत्त्याचा पुरावा तीस दिवसांत द्यायचा. तोपर्यंत बाहेरून एक हजार डॉलरपर्यंतच रक्कम घेता येते आणि महिन्याला पन्नास हजार रुपयांपर्यंतच काढता येतात. हे सगळं तिचं पहिल्या वर्षीच होऊन गेलं होतं. आता फक्त पत्ता बदलायचा होता. खातं होईपर्यंतचे दिवस तिच्या चांगले लक्षात आहेत. भाजीवाल्यापासून पानठेल्यापर्यंत सगळीकडे क्यूआरचा फळा, आणि हिच्याकडे नोटा. सुट्टे कोणाकडेच नसत. बुधवार बाजारातल्या एका बाईनं तेव्हा दहाची उधारी ठेवली होती. नंतर जाऊन ती फेडली, म्हणून त्या बाईकडूनच अजून भाजी घ्यायची, असा तिचा नेम आहे.

नगारखान्याच्या सावलीत

कुकरची शिटी कोतवालीच्या रस्त्यावर मिळाली. दुकानदारानं जुनी शिटी हातात घेतली, हलवून बघितली, आतलं वजन झिजल्याचं दाखवलं आणि नवी बसवून दिली. गास्केटही बदलून घ्या म्हणाला. तिनं ताणून बघितलं आणि नको म्हणाली. “समजते हिला,” असं तो माझ्याकडे बघून म्हणाला.

तिथंच तिनं वर बघितलं. यादीतल्या शेवटच्या ओळीतला राजवाडा शोधायचा तर तिला सांगावं लागलं की तो जळाला. काळ्या दगडाचा आणि लाकडी कोरीवकामानं भरलेला भोसल्यांचा मोठा वाडा १८६४ साली आगीत गेला. नगारखाना तेवढा उरला. त्याच्याखालून रोज माणसं जातात, शेजारी गाड्या लागतात, पोरं क्लासला जातात. तिकीट नाही, रांग नाही, माहिती सांगणारा माणूस नाही. राजवाडा बघायला निघालेल्या मुलीला कुकरची शिटी घेताना त्याचा उरलेला तुकडा दिसला. महालात असंच दिसतं.

भोसल्यांचे वंशज आजही महालातच राहतात. त्यांच्या वाड्यातला मोठा लाकडी नंदी पोळ्याला बाहेर निघतो. मोठ्या माणसांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी मुलांचा तान्हा पोळा, ही खास नागपुरी रीत. ती १८०६ साली दुसऱ्या रघुजींनी सुरू केली असं इथं सांगतात. त्या आठवड्यात दुकानांच्या पायऱ्यांवर लाकडी बैल मांडलेले होते. वीतभर उंचीपासून पोराला वर बसता येईल एवढ्या आकारापर्यंत. पायांखाली चाकं, शिंगांना रंग, पाठीवर झूल. तिनं एक बैल उचलला, चाक फिरवलं, डगमगतं का बघितलं. किंमत विचारली आणि खाली ठेवला. “संध्याकाळी,” म्हणाली. सौदा करायची पद्धत तिनं कोणाकडून तरी नीट उचललेली होती.

सहा वार कापड

ड्रेसचं कापड म्हणजे किटेंगे. जाड सुती, गडद निळं, त्यावर केशरी पंखांची मोठी नक्षी. आईनं सहा वार बांधून दिलं होतं. केळीबाग रस्त्याच्या एका बोळातल्या मास्टरांनी ते काउंटरवर पसरलं आणि बराच वेळ बोललेच नाहीत. आधी बोटांनी पोत बघितला. मग कापड उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

“याला उलटी बाजूच नाही,” ते म्हणाले. “दोन्हीकडून छापलंय. बाटिक आहे का?”

प्रश्न अगदी नेमका होता. जावा बेटावरच्या बाटिकची नक्कल एकोणिसाव्या शतकात हॉलंडमधल्या गिरण्यांनी यंत्रावर केली. त्या छापाच्या कापडाला पश्चिम आफ्रिकेत गिऱ्हाईक मिळालं आणि पुढं तेच कापड आफ्रिकेचं म्हणून जगभर ओळखलं जाऊ लागलं. टांझानियात बायका नेसतात त्या खांग्याचं छापकाम तर कित्येक दशकं भारतातही होत असे. कापसानं असा प्रवास केला तेव्हा महालही फार दूर नव्हता. जमशेदजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी इथून हाकेच्या अंतरावर सुरू झाली. महालातल्या कित्येक घरांतल्या घड्याळांनी तिचा भोंगा ऐकून वेळ लावली. मिल बंद पडून दोन दशकं उलटली. शिवणाऱ्यांच्या बोटांत कापडाची ओळख अजून आहे.

मास्टरांनी पन्हा मोजला. नक्षीतला एक पंख दुसऱ्यापासून किती अंतरावर येतो तेही मोजलं. पाठीच्या मध्यावर एक पूर्ण पंख यायला हवा, समोर दोन अर्धे नकोत, बाहीला नक्षी उलटी लागली तर कपडा वाया गेला, हे त्यांनी खडूनं दाखवत सांगितलं. ती म्हणाली की आईचा शिंपीही असंच करतो. मास्टरांनी तारीख गणपतीनंतरची दिली. तिनं शनिवारच्या मारबतीच्या मिरवणुकीआधीची मागितली. “सगळं नागपूर त्याच्या आधीच मागून राह्यलंय,” असं म्हणून त्यांनी वहीत गणपतीनंतरचीच तारीख लिहिली.

छत्री मास्टरांच्या शेजारच्या पायरीवर दुरुस्त झाली. त्या माणसाकडे जुन्या छत्र्यांच्या काड्यांची जुडी होती. तिच्या मापाची काडी त्यानं न बघता ओढली.

कुठली, कोणाकडे

दिवसभर तिला दोन प्रश्न सारखे विचारले गेले. कुठली? आणि कोणाकडे राहते? पहिल्याचं उत्तर ऐकून माणसं मान डोलावत. टांझानिया नक्की कुठं, हे बहुतेकांना सांगता आलं नसतं. दुसऱ्याचं उत्तर मिळालं की काम सुरू होई. काकूंचं आडनाव घेतलं की छत्रीवाल्यालाही वाडा ठाऊक, मास्टरांना तर काकूंचे सासरेही ठाऊक.

सगळं गोड आहे असं सांगायचं कारण नाही. महालात येण्याआधी तिनं शहराच्या दुसऱ्या भागांत खोल्या बघितल्या होत्या. फोनवर खोली रिकामी असायची, दारात गेल्यावर भरलेली. कोणी शाकाहाराची अट घातली, कोणी ‘शेजाऱ्यांना चालणार नाही’ म्हणून सांगितलं. रस्त्यानं जाताना न विचारता फोटो काढणारे आजही भेटतात. त्या दिवशीही भेटले. तिनं तोंड फिरवलं आणि चालत राहिली. काकूंच्या घरीही मांसाहार चालत नाही, पण त्यांनी ते पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि पुढच्या वाक्यात विचारलं, “चहात साखर किती?”

दुसरी चिंता तिच्या घरच्यांना होती. १७ मार्च २०२५च्या संध्याकाळी महाल आणि चिटणीस पार्क भागात दगडफेक आणि जाळपोळ झाली, शहरातल्या अनेक ठाण्यांच्या हद्दीत संचारबंदी लागली आणि ती पुरती उठायला २३ तारीख उजाडली. बातमी दार-ए-सलामपर्यंत गेली होती. जुलैत ही महालात राहायला जाते म्हटल्यावर आईनं नकाशा उघडून तेच नाव शोधलं. मुलीनं मग व्हिडिओ कॉल लावून काकूंना समोर बसवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. काकूंनी ओसरी दाखवली, दाराचा अडसर दाखवला, माडीकडं जाणारा जिना आपल्या खोलीतून कसा जातो ते दाखवलं. त्यानंतर आईनं नकाशा काढला नाही. दंगलीत ज्यांचं नुकसान झालं त्यांची गोष्ट एवढ्यात मिटणारी नाही. गल्लीत त्याबद्दल माणसं अजून आवाज खाली आणूनच बोलतात.

दुपारी काकूंकडे वडाभात होता, वर हिंग-मोहरीचं कडकडीत तेल. श्रावण, त्यामुळं कांदा-लसूण नाही. सकाळचे पोहे तर्री घालून बाहेर झालेलेच होते. तिनं संत्र्याबद्दल विचारलं. नागपूर म्हणून सगळं जग संत्र्याचं नाव घेतं आणि महिनाभर तिला बाजारात बरं संत्रं दिसलेलं नव्हतं. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे उतरतं, मृगाचं उन्हाळ्याच्या तोंडावर. ऑगस्टात मिळते ती बर्फी.

बाहेर जाऊन आलेले

ऊन उतरल्यावर आम्ही गांधी गेटकडे निघालो. जुनं नाव जुम्मा दरवाजा. गोंड राजा चांद सुलतानानं नागपूरला तट घातला, तळं बांधलं. तटाचा हा दगडी दरवाजा राहिला आणि तळ्याला आज गांधीसागर म्हणतात. शुक्रवारी तलाव म्हणणारेही आहेत. दरवाजाच्या कमानीखालून ऑटो, हातठेले, शाळेच्या व्हॅन एकामागून एक जात होत्या. तिनं थांबून दगडांचे सांधे बघितले. दारांबद्दल तिला आस्था आहे. काकूंच्या वाड्याच्या दिंडीवरचे पितळी खिळे बघून तिनं पहिल्याच दिवशी झांझिबारच्या दारांचे फोटो दाखवले होते. तिकडची ती दारं भारतीय सुतारकामाची उसनवारी सांगतात. त्याच झांझिबारमध्ये २०२३ साली आयआयटी मद्रासनं आपला परिसर उघडला. तिचा धाकटा भाऊ तिथं प्रवेश घ्यायचं म्हणतो.

वाटेत गोंड किल्ल्याचा भाग लागतो. इथली गोष्ट तिला सर्वांत आवडली, कारण ती तिच्याच वळणाची आहे. देवगडचा राजा बख्त बुलंद शहा औरंगजेबाच्या दरबारी दिल्लीला जाऊन राहिला. मोठं शहर कसं असतं, त्याचे रस्ते, कारागीर, बाजार कसे असतात हे त्यानं पाहिलं आणि परत आल्यावर आपल्या मुलखात तसं काही उभं करायचं मनावर घेतलं. बाहेरून शेतकरी, कारागीर, व्यापारी बोलावले. बारा वाड्या-वस्त्या जोडून १७०२ साली नागपूर वसवलं. गावाचा संस्थापकच बाहेर राहून, बघून आलेला. पुढं १७३९ साली चांद सुलतान गेल्यावर वारसांचं भांडण सोडवायला पहिले रघुजी भोसले आले आणि इथलेच झाले. वारसांचं भांडण इथंही आहेच.

कामाला आलेल्या परक्यांची या गावाला सवय आहे. संस्कृतचा मोठा अभ्यासक हेन्री कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात नागपूर दरबारी कंपनीचा वकील होता. मनाजोगता तह काही त्याला मिळाला नाही. वेदांवरचा त्याचा गाजलेला निबंध त्यानंतर चार वर्षांनी, १८०५ साली आला.

आणि इथून बाहेर गेलेले? महालातच जन्मलेले केशव बळीराम हेडगेवार १९१०च्या सुमारास वैद्यकीय शिक्षणाला कलकत्त्याला गेले. त्या काळी ते अंतर परदेशाएवढंच. परतल्यावर १९२५च्या दसऱ्याला याच महालातल्या घरी त्यांनी राष्ट्रीय स्वयंसेवक संघ सुरू केला. वर्ध्याचे, नागपुरात शाळा शिकलेले पांडुरंग खानखोजे आणखी लांब गेले. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, गदर चळवळीत उतरले, देशाचे दरवाजे बंद झाल्यावर मेक्सिकोत चापिंगोच्या कृषिविद्यालयात मक्यावर काम केलं. दिएगो रिव्हेरानं त्यांना आपल्या भित्तिचित्रात घेतलं. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरातच वारले. दोघांचे मार्ग आणि विचार निराळे. शिकायला घर सोडणं मात्र दोघांनाही चुकलं नाही.

तळ्याच्या काठावर तिनं हिशेब मांडला. दिवसभरात तिनं तिकीट काढून काहीच बघितलं नव्हतं. समोर रमण विज्ञान केंद्र होतं, त्याची वेळ संपत आलेली. “ते पुढच्या वेळी,” म्हणाली. “तिथं काहीतरी दुरुस्त करून मिळतं का?”

चितार ओळ

संध्याकाळी उलट्या बाजूनं चितार ओळीत शिरलो. बडकस चौकातून सेंट्रल अॅव्हेन्यूकडं जाणारी ही ओळ चितारी कारागिरांची. गणपतीला आठवडा उरलेला. दुकानं, ओसऱ्या, रस्त्यावर ताणलेल्या ताडपत्र्या, सगळीकडे मूर्ती. काही ओल्या, काही पांढऱ्या, काहींना पितांबराचा रंग झालेला आणि डोळे बाकी. एक म्हातारे कारागीर फक्त डोळे करत होते. बाकीचं काम पोरांकडे. ते एका मूर्तीसमोर बसत, आधी दोन्ही डोळ्यांच्या कडा, मग बुबुळं आणि शेवटी पांढरा बारीक ठिपका. ठिपका बसला की पुढची मूर्ती. रेष काढताना श्वास धरायचे, ते कळायचं.

ती बराच वेळ उभी राहिली. तिनं फोन काढला, मग त्यांच्याकडे बघून विचारलं, काढू का? त्यांनी मान हलवली. दिवसभर जे तिला कोणी विचारलं नव्हतं ते तिनं विचारलं.

याच रस्त्यांवरून शनिवारी मारबत निघणार होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेल्या काळ्या आणि पिवळ्या मारबतीच्या मिरवणुका. रोगराई, दुष्टपणा आणि त्या वर्षी लोकांना ज्याचा राग आला असेल ते सगळं गावाबाहेर नेऊन टाकायचं. सोबत बडग्यांचे कागदी पुतळे. हे नागपूरबाहेर सहसा दिसत नाही आणि नागपुरातही ते पाहायचं तर या जुन्या वस्त्यांतच. झेरॉक्सवाल्या मुलानं सकाळीच तिला बजावलं होतं, “शनिवारी घरी बसू नका ताई. काकूंच्या माडीवरून दिसत नाही, चौकात या.”

परतताना ती बैलवाल्याकडे थांबली. सकाळची किंमत आणि तिची किंमत यांच्या मधोमध सौदा झाला. बैल भाच्यासाठी. दिवाळीच्या सुट्टीत कोणी टांझानियाला जाणारं भेटलं तर पाठवायचा.

यादी संपल्यावर

जुन्या शहरांना वाचवायचं कसं, यावर आपल्याकडे बोलणं पुष्कळ होतं. वारसायाद्या होतात, पाट्या लागतात, एखाद्या दरवाजाला दिवे सोडले जातात. ते व्हायला हवंच. पण महालात मला वेगळीच काळजी वाटते. केळीबाग रस्ता रुंद करताना दुकानं मागं सरली, काही गेली. वाडे पडतात आणि त्यांच्या जागी फ्लॅट येतात, तेव्हा तळमजल्यावर छत्रीवाल्याला पायरी उरत नाही. नवं नागपूर वर्धा रोडला, बेसा-मनीषनगरला वाढतं आहे. महालात यायचं कामच उरलं नाही तर नगारखाना तिथंच राहील, त्याच्याखालून जाणारी माणसं कमी होतील. मग त्याला कुंपण पडेल, तिकीट येईल, आणि तो यादीतही येईल. चितार ओळ चौकाला मेट्रोचं स्टेशन झालं आहे, म्हणजे येणं आता सोपं आहे. येण्याला निमित्त हवं.

म्हणून नागपुरात शिकायला येणाऱ्या मुलामुलींच्या विभागप्रमुखांना, वसतिगृहाच्या वॉर्डनना आणि मित्रमैत्रिणींना एक सुचवतो. मुलं परदेशातून आलेली असोत की सिरोंचाहून, पहिल्या आठवड्यात त्यांना दीक्षाभूमी दाखवा, फुटाळा दाखवा. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या हातात बिघडलेली काहीतरी वस्तू द्या आणि एकटं महालात पाठवा. वस्तू दुरुस्त होऊन आली तर उत्तम. नाही आली, तर उद्या पुन्हा जावं लागेल आणि तोवर दुकानदार त्यांना कुठली, कोणाकडे, हे विचारून बसलेला असेल.

तिची नोंदणी पुढच्या काही दिवसांत झाली. मंजुरीचा मेल आला तो तिनं झेरॉक्सवाल्याला आधी दाखवला, मला नंतर. मास्टरांनी ड्रेस गणपतीनंतरच दिला, पाठीवर पंख बरोबर मध्यावर. आखीव पत्रिकेवर सासरे आणि त्यांचे दोन्ही भाऊ अजून तसेच आहेत. हिच्या भानगडीमुळं काकूंनी फेरफाराचा अर्ज मात्र आणून ठेवला आहे. दिवाळीला पुण्याचे आणि भिलाईचे आले की सह्या घ्यायच्या, असं त्या म्हणतात. येतात का ते बघायचं.